गाडी केव्हा बदलावी? : एका गृहस्थी प्रश्नाचा इतिहास

देवाचा रथ किती वर्षांनी नवा करावा, याविषयी आपल्या देशात एकच रीत नाही. जगन्नाथपुरीस तीनही रथ दरसाल नव्याने घडविले जातात. अक्षय्य तृतीयेस कामाला प्रारंभ होतो. सोळा चाकांचा नंदिघोष, चौदा चाकांचा तालध्वज आणि बारा चाकांचा दर्पदलन असे तीन रथ आषाढ शुद्ध द्वितीयेपूर्वी उभे राहतात आणि यात्रा आटोपताच उकलले जातात. गोमंतकातील देवस्थानांची रीत याहून निराळी. येथे लाकडी रथ वर्षभर रथखान्यात उभा असतो. जत्रेपूर्वी सुतार त्याची चाके, आस आणि तुळया तपासून पाहतो. झिजलेले व किडलेले काढतो, चांगले ते ठेवतो. सारा रथच नवा करावा की काय, हा निर्णय महाजनांपुढे येतो तो पिढीतून एखाद्या वेळी. पुरीस हा प्रश्न उरतच नाही, कारण त्याचे उत्तर पंचांगाने देऊन ठेवले आहे. आमच्याकडे तो दरसाल उभा राहतो, आणि त्याचे उत्तर माणसांनी लाकूड हाताने चाचपून द्यावयाचे असते.

ह्याच प्रश्नाचे घरगुती रूप आज अनेक कुटुंबांपुढे येते. दारातली मोटार बारा-पंधरा वर्षांची झालेली असते. मुलगा म्हणतो, आता नवी घेऊ. वडील म्हणतात, अजून चालते आहे. आणि मिस्त्री दोघांचेही खरे आहे असे सांगून पुढच्या खर्चाचा आकडा पुढे करतो. हा निर्णय सर्वस्वी आपला, घरच्या चार माणसांचा, अशी आपली समजूत असते. वस्तुतः गेल्या शंभर वर्षांत तो पुष्कळदा गृहस्थाच्या हाती नव्हताच. कधी तो कारखानदाराने घेतला, कधी सरकारने. आणि आज काही अंशी कायदा तो घेऊ पाहतो. हा निर्णय आपल्या हातून कसा गेला व कसा परत आला, हे पाहिले तर आजच्या विचाराला काही आधार सापडेल, अशा समजुतीने हा वृत्तांत येथे मांडीत आहोत.

प्रारंभ अमेरिकेपासून करणे प्राप्त आहे, कारण ‘जुनी गाडी टाकून नवी घेणे’ ही कल्पना तेथेच रुजली. हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारात आणली. एकच नमुना, तोच दरसाल अधिक स्वस्त करावयाचा, आणि शेतकऱ्यालाही घरच्या घरी दुरुस्त करता येईल असा ठेवावयाचा, हे त्यांचे धोरण होते. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. परंतु ज्याला गाडी हवी होती त्याला ती मिळून गेल्यावर पुढे विकावयाचे कोणाला? ह्या प्रश्नाचे उत्तर जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी शोधले. त्यांनी निरनिराळ्या ऐपतीच्या लोकांसाठी निरनिराळ्या गाड्या ठेवल्या, हप्त्याने गाडी देण्याची सोय वाढविली, जुनी गाडी नवीच्या किमतीत वळती करून घेण्यास उत्तेजन दिले, आणि दरसाल रंगरूप बदलण्याचा प्रघात पाडला. शेजाऱ्याच्या दारात नवा नमुना आला की आपली चांगली चालणारी गाडी जुनी वाटू लागावी, असा हा डाव होता, आणि तो साधला. १९२७ साली फोर्ड यांना आपली लाडकी गाडी बंद करावी लागली. गाडी केव्हा जीर्ण झाली हे ठरविण्याचा अधिकार त्या दिवसापासून बऱ्याच अंशी लोखंडाकडून बाजाराकडे गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

हिंदुस्थानात ह्या दोन्ही कंपन्यांच्या गाड्या जोडण्याची कामे त्याच सुमारास सुरू झाली. फोर्डची येथील कंपनी १९२६ सालची. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईस शिवडीला कारखाना काढला. सुटे भाग बोटीने यावयाचे आणि येथे जोडून गाडी उभी राहावयाची. पुढे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन करून कुर्ल्यास कारखाना उभारला. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ सालची, तिचा मोठा कारखाना स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास झाला. मद्रासेस स्टँडर्ड कंपनी निघाली. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने ठरविले की, जे कारखाने क्रमाक्रमाने गाडी येथेच घडवतील त्यांनाच वाव द्यावा. केवळ जोडकाम करणाऱ्यांनी निघावे. त्याप्रमाणे जनरल मोटर्स व फोर्ड यांनी १९५४ च्या सुमारास येथील काम गुंडाळले. धोरणामागचा हेतू स्वदेशीचा होता आणि त्यातून पुढे देशात भाग घडविणारे असंख्य लहान कारखाने उभे राहिले, हे विसरून चालणार नाही. पण ज्या गृहस्थाच्या दारात त्या दोन कंपन्यांची गाडी होती, त्याच्या दृष्टीने गाडी करणाराच देश सोडून गेला होता.

गोमंतकाची गोष्ट ह्या काळात वेगळी होती. येथे पोर्तुगीज राजवट होती, आणि १९५५ पासून भारत सरकारने आर्थिक निर्बंध घातल्यामुळे भारताशी व्यवहार जवळजवळ तुटला होता. परंतु लोहखनिजाच्या निर्यातीतून पैसा येत होता व मुरगाव बंदरातून परदेशी माल सहज उतरत होता. सीमेपलीकडे बेळगावास ज्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागे, त्या काळी गोव्यातील सधन घरांत युरोप-अमेरिकेच्या मोटारी दिसत. सामान्य माणूस अर्थात ‘कारेरी’तून, म्हणजे प्रवासी मोटारीतून, हिंडत असे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. माघार घेताना पोर्तुगीज सैन्याने बोरी आणि बाणस्तारीचे पूल उडविले होते. ते पुन्हा उभे राहीपर्यंत वाहनांना होड्यांचा आधार घ्यावा लागला. मुक्तीबरोबर भारताचे आयातीचे नियम गोव्यास लागू झाले, आणि दारातल्या परदेशी मोटारीचा एखादा भाग मोडला तर तो आणावयाचा कोठून, हा प्रश्न गोमंतकीय गृहस्थापुढे प्रथमच आला. बेळगावचा, बडोद्याचा, इंदूरचा व हैदराबादचा मराठी गृहस्थ ज्या पंक्तीत आधीच बसला होता, त्या पंक्तीत आता आम्हीही बसलो.

ती पंक्ती टंचाईची होती. १९५९ साली केंद्र सरकारने मोटारगाड्यांच्या वितरणावर व विक्रीवर नियंत्रण ठेवणारा आदेश काढला. नाव नोंदवावे, अनामत ठेवावी आणि पाळी येईपर्यंत थांबावे, असा क्रम झाला. साऱ्या देशात वर्षाकाठी पन्नास हजार मोटारीही निघत नसत. १९६९ साली तर सरकारने किमतीही ठरवून दिल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. याचा परिणाम मोठा चमत्कारिक झाला. नियंत्रित किमतीची नवी गाडी हाती पडण्यास वर्षे लागत, म्हणून थोडी वापरलेली, पण आज मिळणारी फियाट कित्येकदा नव्या गाडीच्या किमतीहून अधिक दराने विकली जाई. वापरल्याने वस्तूची किंमत कमी होते हा जगाचा नियम. येथे तो उलटा झाला. अशा स्थितीत ‘गाडी केव्हा बदलावी’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. पाळी येईल तेव्हा बदलावी, तोपर्यंत आहे तीच चालवावी, एवढेच उत्तर होते; आणि ते दिल्लीहून आलेले होते.

ह्या सक्तीच्या संयमातून दुरुस्तीची विद्या मात्र विलक्षण वाढली. इंजिनाचे सिलिंडर झिजले, धूर निळसर येऊ लागला आणि गाडी तेल खाऊ लागली की, मिस्त्री ब्लॉक उतरवून बोअर वाढवून घेई व मोठ्या मापाचे पिस्टन आणि रिंगा घाली. दोन-तीन वेळा असे झाले म्हणजे आत स्लीव्ह बसवून पुन्हा मूळ मापावर येता येई. क्रँकशाफ्ट घासावी, बेअरिंगे बदलावी, पाट्यांना नवे पान चढवावे, किंगपिनला नवे बुश ठोकावे. याप्रमाणे इंजिन व चाके यांना दुसरा, तिसरा जन्म मिळे. नमुना वर्षानुवर्षे तोच असल्यामुळे भाग मिळत. मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवरील अँबॅसडर १९५८ च्या सुमारास निघाली व २०१४ साली बंद झाली. म्हणजे जवळजवळ छप्पन वर्षे तिचे मूळ रूप टिकले. फियाट ११०० हिचीच पुढे १९७४ साली ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली व शतकाच्या अखेरीपर्यंत ती निघत राहिली. स्लोन यांच्या अमेरिकेत गाडी रूपाने जुनी होत असे. आमच्याकडे ती रूपाने कधी जुनी होतच नव्हती.

मग ती मरे तरी कशाने? याचे उत्तर कोंकणपट्टीतल्या वाचकांस सांगावयास नको. ती गंजाने मरे. फोर्ड, शेव्हरोले, डॉज ह्या जुन्या अमेरिकन गाड्यांखाली लोखंडी चासी स्वतंत्र असे, वरचा सांगाडा कुजला तरी चौकट उभी राही. अँबॅसडर व फियाट यांची घडण निराळी. त्यांत पत्र्याचे अंगच भार वाहते. दाराखालचा उंबऱ्यासारखा भाग आणि पायांखालचा पत्रा हीच तिची तुळई. पावसाळ्याचे चार महिने, समुद्राची खारी हवा आणि नदीकाठच्या फेरीवरचे खारे पाणी हा पत्रा आतून पोखरीत असे. बाहेरून रंग झळझळीत दिसे. पण जॅक लावताच पत्रा आत दबे, गाडी एका बाजूने उचलली असता दारे अडकू लागत. जाणता मिस्त्री अशा वेळी इंजिनाकडे पाहतच नसे. इंजिन नवे करता येते, अंग नवे करता येत नाही, हे त्याला ठाऊक होते. रथाचे परीक्षण करणारा सुतारही आधी आस पाहतो आणि मग नक्षी. भार कोण वाहतो, हा दोघांचाही पहिला प्रश्न.

आता निवडीकडे वळू. १९६० नंतरच्या वीस वर्षांत निवड म्हणजे तीन नावे : अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड. बक्षीस म्हणून मिळालेल्या तीन फळांतून एक उचलावे तशी ती निवड होती. तरी लोक ती फार विचाराने करीत. मुंबईकर बहुधा फियाटकडे झुके, कारण ती हलकी, वळावयास सोपी आणि घरचीच. स्टँडर्ड हेरल्ड लहान व देखणी. तिला स्वतंत्र चासी होती. मोठ्या कुटुंबाचा कल अँबॅसडरकडे असे. मागे तिघांऐवजी चौघे बसत, सामानाची पेटी मोठी, जमिनीपासून उंची चांगली, आणि खानापूर असो की सावंतवाडी, तिची नाडी ओळखणारा मिस्त्री सर्वत्र मिळे.

ह्या निवडीमागे आमच्या समाजात एक कारण विशेष असे, आणि ते मोटारींच्या जाहिरातींत कोठेही सापडणार नाही. ते म्हणजे कुलदैवताची यात्रा. १५६० च्या सुमारास धार्मिक छळाच्या काळात मंगेशाचे स्थान कुशस्थळीहून नदीपार प्रियोळास हलविले गेले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. इतरही देवता अंत्रुज महालाच्या आश्रयाला आल्या. त्यांच्याबरोबर कुळेही विखुरली. कोणी कारवार-मंगळुराकडे गेले, कोणी बेळगावास. मराठी दरबारांच्या आश्रयाने कोणी इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे गाठले. देव एका ठिकाणी आणि कुळे शंभर ठिकाणी, अशी स्थिती झाल्यामुळे माघी जत्रेस वा लग्नमुंजीनंतर गोव्यास येणे हा प्रत्येक घराचा नेम झाला. हा प्रवास पूर्वी बैलगाडीने, पुढे आगबोटीने व आगगाडीने होई. घरात मोटार आली तेव्हा ती ह्या प्रवासाच्या मापाने तोलली जाणे स्वाभाविक होते. आजीला चढता-उतरता येईल काय, ओटी व नैवेद्याचे सामान मावेल काय, अनमोडचा किंवा आंबोलीचा घाट भरल्या गाडीने चढेल काय, आणि उतरताना ब्रेक तापून दगा देणार नाहीत ना, ह्या चार प्रश्नांनी जी गाडी निवडली जाई ती वर्षभराच्या इतर कामांस सहसा कमी पडत नसे.

ही टंचाई फुटली ती १९८३ साली. सरकारी मालकीची मारुती उद्योग कंपनी फेब्रुवारी १९८१ मध्ये स्थापन झाली, १९८२ साली जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. तीन सिलिंडरांचे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन, पुढची चाके ओढणारी रचना आणि अतिशय हलका पत्रा असलेली ही गाडी अँबॅसडरच्या शेजारी खेळण्यासारखी दिसे. जुन्या मंडळींनी तिचा पत्रा बोटाने दाबून पाहिला व मान हलविली. ती बिघडतच नाही, पहाटे एका किल्लीसरशी सुरू होते, आणि घाटात पाणी उकळून थांबत नाही, हे कळावयास दोन-तीन पावसाळे गेले. पुढे १९९३ साली मोटार-उद्योग परवान्याच्या बंधनातून मुक्त झाला. १९९८ सालच्या अखेरीस पुण्याच्या टाटा कारखान्याने आपल्याच देशात आखलेली इंडिका पुढे आणली. कोरियाच्या कंपन्याही त्याच वर्षी लहान गाड्या घेऊन आल्या. पंधरा वर्षांत तीन नावांची तीस नावे झाली. गाडी केव्हा बदलावी व कोणती घ्यावी, हे दोन्ही प्रश्न गृहस्थाकडे परत आले, आणि त्यांच्याबरोबर स्लोन यांची जुनी युक्तीही आली. हप्ता सोपा झाला, नमुना वर्षा-दोन वर्षांनी बदलू लागला आणि शेजाऱ्याच्या दाराकडे नजर जाऊ लागली.

ह्या विपुलतेतही जुन्या इतिहासाची एक आवृत्ती पुन्हा निघाली, ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९५४ च्या सुमारास गेलेल्या जनरल मोटर्स व फोर्ड ह्या दोन्ही कंपन्या मुक्त धोरणानंतर परत आल्या होत्या. जनरल मोटर्सने २०१७ साली येथील विक्री थांबविली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. दोघींनीही भाग पुरविण्याचे आश्वासन दिले होते. तरी करणारा गेला की गाडीची विक्रीची किंमत उतरते व मिस्त्रीचा हात अवघडतो, हे बाजाराचे वर्तन आहे. तेव्हा गाडी निवडताना केवळ गाडी न पाहता, दहा वर्षांनी तिला कोण दुरुस्त करील, हे पाहणे अवश्य आहे. अँबॅसडर टिकली ती तिच्या अंगी काही अद्भुत गुण होता म्हणून नव्हे. तिचे भाग व तिचे जाणकार गावोगाव होते म्हणून.

दुसरीकडे कायद्याने गाडीच्या वयाकडे लक्ष वळविले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. मुंबईच्या टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा होती. तिच्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केली, आणि २०२५ सालीही त्या बंदीच्या अंमलाविषयी न्यायालयात वाद चालूच होता. जुनी वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ही पुरीची रीत होय : काळ ठरवून द्यावयाचा, म्हणजे परीक्षणाचा त्रास नको. शहराच्या हवेचा विचार करता तिला कारण आहे, हे आम्ही मान्य करतो. पण कायद्याचे पंचांग सर्व गाड्यांना सारखे. आणि दापोलीच्या किनाऱ्यावर आठ वर्षे भिजलेली गाडी व ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत पंधरा वर्षे झाकून ठेवलेली गाडी यांचे वय एका मापाने मोजता येत नाही. कायदा शेवटची मर्यादा सांगतो. योग्य वेळ सांगत नाही.

मग योग्य वेळ कशाने ओळखावी? प्रथम पैशाचा एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. ‘दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून अधिक झाला, आता काढा’ असे वाक्य आपण नेहमी ऐकतो. ही तुलनाच चुकीची. समजा, जुन्या गाडीची किंमत साठ हजार रुपये असून तिला यंदा सत्तर हजारांचे काम निघाले. हे सत्तर हजार त्या साठ हजारांशी ताडावयाचे नाहीत. नवी गाडी घेतल्यास पहिल्या वर्षी व्याज, विमा व उतरलेली किंमत मिळून जे जाईल, त्याच्याशी ताडावयाचे. आठ लाखांच्या गाडीचे हे नुकसान सत्तर हजारांहून बहुधा पुष्कळ अधिकच निघेल. केवळ पैशाने पाहिल्यास जुनी गाडीच बहुतेक वेळा जिंकते. त्याचप्रमाणे ‘गेल्याच महिन्यात टायर घातले, आता कशी काढू?’ हाही विचार टिकत नाही. टायरांचा पैसा गाडी ठेवली तरी गेला आणि विकली तरी गेला.

निर्णय पैशाने होत नसेल तर दोन परीक्षांनी होतो, आणि त्या दोन्ही वरील इतिहासानेच शिकविल्या आहेत. पहिली परीक्षा भार वाहणाऱ्या अंगाची : उंबरे, तळाचा पत्रा, ब्रेकच्या नळ्या, सुकाणूचे सांधे. गाडी वर उचलून, खालून, उजेडात पाहावी. येथे गंज पोचला असेल तर रंग, बैठका, इंजिन कितीही चांगले असोत, गाडी ठेवू नये. दुसरी परीक्षा अधिक सूक्ष्म आहे. दुरुस्तीने गाडी मूळची होती तशी होते. जे तिच्यात मुळात नव्हते ते दुरुस्तीने येत नाही. चाके घसरू न देणारे ब्रेक, म्हणजे एबीएस, नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या बैठकीसाठी ती सर्व नव्या गाड्यांत २०२२ च्या आरंभापासून आली. गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता जोखण्याची ‘भारत एनकॅप’ ही देशी पद्धती १ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली. अँबॅसडरच्या काळी रस्त्यावर वाहने तुरळक व वेग थोडा होता. आज त्याच मार्गाचे चौपदरी महामार्ग झाले आहेत, आणि आपली जुनी गाडी हळू चालली तरी मागून येणारा वेगानेच येतो. गाडी उत्तम स्थितीत असूनही ह्या रस्त्यास ती अपुरी असू शकते. गृहस्थाच्या मोहात पुष्कळदा हीच गोष्ट झाकली जाते, कारण गाडी ‘काही त्रास देत नाही’.

तेव्हा ज्या घरात गाडी गावातल्या गावात, बाजारहाट व देवदर्शनापुरती फिरते, तेथे अंग निकोप असेपर्यंत ती सुखाने ठेवावी. शेजाऱ्याच्या दाराकडे पाहू नये. ज्या घरात तीच गाडी नातवंडांना व म्हालगड्यांना घेऊन रात्रीबेरात्री महामार्गाने कुलदैवतास जाते, तेथे ती धडधाकट असली तरी बदलण्याचा विचार करावा. आणि नवी निवडताना जुनेच चार प्रश्न विचारावे, त्यांत दोनांची भर घालावी : आदळल्यास आतील माणसांचे काय होईल, आणि दहा वर्षांनी हिचा भाग कोठे मिळेल? बैठकीची उंची घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला बसवून पाहावी. दुकानातल्या चकचकीत दिव्याखाली सर्वच गाड्या सुंदर दिसतात. गुडघा दुखणाऱ्या आजीचा अभिप्राय त्याहून अधिक भरवशाचा असतो. दोन-तीन वर्षे वापरलेली चांगली गाडी पहिल्या वर्षांच्या घसाऱ्यातून आधीच सुटलेली असते. ती घेण्यात कमीपणा मुळीच नाही.

राहता राहिला जिव्हाळा. दसऱ्यास जिला झेंडूची माळ घातली, जिच्यातून नवी सून घरी आली, जिच्या काचेवर कुलदैवताचे नाव लिहिले, ती गाडी मोडीत घालताना मन अडखळते, आणि ते अडखळावे हे ठीकच आहे. परंतु आपल्याच शास्त्रात याचा मार्ग सांगितलेला आहे. मूर्ती भंगली वा जीर्ण झाली तर केवळ ममतेने ती पूजेत ठेवीत नाहीत. जीर्णोद्धाराचा विधी करून तिचे विसर्जन करतात आणि नवीची प्रतिष्ठा करतात. त्यात अनादर नाही. सेवा अखंड राहावी हा त्यामागचा हेतू आहे. देवाच्या मूर्तीस जो न्याय, तो लोखंडाच्या गाडीस लावण्यात संकोच कशाला? रथ जपावयाचा तो त्यात बसणाऱ्यासाठी. बसणारा सुखरूप पोचणार नसेल, तर रथखान्याचे दार उघडून सुताराला बोलावणे हेच महाजनांचे कर्तव्य ठरते.